आधी हॉस्टेलला विचारून यावे

कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या फाटकावर पत्र्याची पाटी होती. ‘वरच्या दोन खोल्या विद्यार्थिनींना भाड्याने देणे आहेत. आधी हॉस्टेलला विचारून यावे.’

आता मला सांगा, दुकानाबाहेर ‘समोरच्या दुकानात स्वस्त मिळेल’ असं लिहिणारा दुकानदार कुणी पाहिलाय का? माझे बाबा ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत उभे राहिले. आम्ही वाशीमकडचे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे फळ्यावर असो की फाटकावर, लिहिलेलं असलं की ते त्यांना खरंच वाटायचं.

“आपण हॉस्टेलले विचारलं ना?” त्यांनी मला विचारलं.

विचारलं होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं. कॉम्प्युटरच्या कोर्सला मला प्रवेश मिळाला होता. त्या काळात कॉम्प्युटर म्हटलं की आमच्या गावातल्या लोकांना थेट अमेरिकेचं विमान दिसायचं. कॉलेजच्या आवारातल्या हॉस्टेलमध्ये जागाही मिळाली होती, पण एक अट होती. मुलीचा कुणीतरी नातेवाईक पुण्यात राहणारा हवा. ‘लोकल गार्डियन’. त्यानं सही करायची, बोलावलं की यायचं, सुट्टीच्या दिवशी मुलीला घरी न्यायचं. आमचे एक लांबचे काका कात्रजला राहत होते, त्यांच्या भरवशावर आम्ही निघालो होतो. कात्रजला गेलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, बदली होऊन सुरतेला गेले, गेल्या दिवाळीतच गेले. काकांनी कुणाला कळवलं नव्हतं.

तेव्हा एकतर बाहेर खोली बघायची, नाहीतर घरी परत. बाबांनी निघतानाच आईला सांगून ठेवलं होतं, नाही जमलं तर तालुक्याला डी.एड. काय वाईट आहे? मला डी.एड.ला जायचं नव्हतं. फाटकाशी उभी असताना माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

दार उघडलं ते एका ठेंगण्या बाईंनी. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हातात वालाचं ताट.

“हॉस्टेलला विचारलंत?”

“हो जी,” बाबा म्हणाले.

“मग इथे कशाला आलात?”

वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला असं विचारलं तर तो पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकत नाही. बाबा मात्र गांगरून खरं उत्तर शोधायला लागले. तोपर्यंत बाईंनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, चहा “घेणार नसालच” असं म्हणून ठेवलासुद्धा, आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या.

“ही हॉस्टेलची रास. ही माझ्या खोलीची रास. आता बोला. भाडं.” त्यांनी खोलीच्या बाजूला मूठभर वाल टाकले, हॉस्टेलच्या बाजूला चिमूटभर. “अनामत. ती परत मिळते असं सगळे म्हणतात. मिळताना रंगाचे आणि खिळ्यांचे पैसे कापून मिळते, म्हणून हे थोडे. मेस. मेस दोन्हीकडे आहे, पण बाहेरची मेस रविवारी रात्री बंद असते. मुलगी रविवारी रात्री काय खाणार?”

“काहीतरी खाईल,” बाबा म्हणाले.

“काहीतरी महाग असतं.” आणखी वाल. “खाडा माहितीये? जेवायला येणार नाही म्हणून आधी सांगितलं, तर त्या जेवणाचे पैसे वळते होतात. त्याला खाडा म्हणतात. न सांगता राहिलं तर पैसे गेले. मुलगी रागावली की जेवते का?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

“नाही जेवत,” ते म्हणाले.

“मग रुसव्याचा खर्च धरा. हॉस्टेलात चार जणी ओढून जेवायला नेतात. खोलीत कोण ओढणार, भिंत?” आणखी वाल. “बस. पावसात रिक्षा. गरम पाणी. घरमालकिणीचे टोमणे.”

“टोमण्याचा खर्च?”

“त्यानं मुली संध्याकाळी घरी यायच्या ऐवजी चहाच्या टपरीवर बसतात. टपरी फुकट असते का?” मग त्यांनी ताटातली शेवटची मूठ उचलली आणि जरा थांबल्या. “आणि ताप. एकटीचा ताप.” ती सगळी मूठ त्यांनी खोलीच्या राशीवर ओतली.

रास घसरून वाल कपाटाखाली गेले. बाईंनी हात झटकले. “बघा. खोली महाग पडते.”

“पण बाई, खोली तर तुमचीच आहे.”

“माझी आहे म्हणून स्वस्त होते का?”

बाबांनी मग आमची अडचण सांगितली. काका सुरतेला, पुण्यात दुसरं कुणी नाही. बाईंनी वाल गोळा करता करता ऐकलं आणि म्हणाल्या, “एवढंच ना? फॉर्म आणा. मी होते गार्डियन. नात्यापुढे आत्या लिहा.”

मी घाईघाईनं पिशवीतून फॉर्म काढला. बाबांनी पेन उघडलं, नात्याच्या रकान्यापर्यंत आले आणि पेन बंद करून खाली ठेवलं.

“माफ करा बाई. मला बहीण नाही. खोटं कसं लिहू?”

असा राग आला होता मला! समोर पुणं वाढून ठेवलंय आणि हे हात धुवायला निघालेत! बाईंनी चष्मा लावून त्यांच्याकडे नीट बघितलं, जणू खोटी नोट आहे की खरी ते तपासताहेत. मग आत गेल्या. स्वयंपाकघरात खिळ्याला किराण्याच्या पुड्यांच्या दोऱ्याची गुंडाळी अडकवलेली होती, त्यातला वीतभर दोरा तोडून आणला, आणि कुंकवाचा करंडा.

“राखीपौर्णिमा झाली का?”

“परवाच झाली जी.”

“दोन दिवस उशीर. चालतं. हात पुढे करा.” दोरा बांधला, कपाळाला कुंकू लावलं, तळहातावर साखर ठेवली. “झालं. आता खरं लिहा.”

बाबांनी खिशातून नोट काढून ओवाळणी दिली आणि बाईंनी ती कसलेही आढेवेढे न घेता कमरेला खोचली. मग बाबांनी आपल्या मास्तरी अक्षरात लिहिलं, ‘आत्या’. मला वाटलं, काय झकास युक्ती काढली बाईंनी! बाबांना ती युक्ती वाटली नव्हती. पावसात परतीच्या एसटीत चढताना त्यांनी त्या दोऱ्याला पाणी लागू नये म्हणून बाही खाली ओढून घेतली होती.

त्या दिवसापासून मी त्यांना आत्या म्हणायला लागले. अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

आत्या जन्मली कसब्यात, लग्न होऊन कर्वेनगरला आली तेव्हा तिच्या माहेरचे लोक “एवढ्या लांब?” म्हणाले होते. ती स्वतःही पुण्याला जाऊन येते असंच म्हणायची. पुणं म्हणजे कसबा पेठ आणि भोवतालच्या चार गल्ल्या, बाकी सगळं बाहेरगाव. नोकरी केली विमा कंपनीत, आयुष्यभर लोकांच्या संकटांचे हप्ते ठरवले. यजमान गेले, नोकरी संपली, आणि ती सवय घरी आली. भाजी घेताना ती नुसता भाव विचारायची नाही. मेथी निवडायला लागणारा वेळ, टाकून द्याव्या लागणाऱ्या काड्या, सगळं धरायची आणि शेवटी “कोबी घेऊ” म्हणायची. मेथीवाला तिला बघून पाठ फिरवायचा.

“बेरीज कुणालाही येते,” ती म्हणायची. “बेरजेत काय काय घ्यायचं ते येत नाही लोकांना.”

तिच्याकडे खोली बघायला आलेल्यांची मी पुढे खूप गंमत पाहिली. एक बाप म्हणाला, मुलगी कात्रजला मावशीकडे राहील, भाडं नाही, जेवण फुकट. आत्यानं त्या दोघांना गर्दीच्या वेळची बस पकडून कात्रजला जाऊन यायला लावलं. परत आले तेव्हा मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला होता. “पदवी बसमध्ये मिळत असेल तर मावशीकडे ठेवा,” आत्या म्हणाली. पुढे आयटीचं वारं आलं तेव्हा एक तरुण जोडपं मोटार घेऊन आलं आणि पाटीवर विद्यार्थिनी लिहिलेलं असूनही दुप्पट भाडं द्यायला निघालं. आत्या म्हणाली, “सहा महिन्यांनी कंपनी तुम्हाला परदेशी पाठवणार. तोवर हॉटेलात राहा, ते पैसेही कंपनीच देते.” बिचारे खरंच तसं करून बसले आणि जाताना तिला पेढे देऊन गेले.

मेस तपासायला ती स्वतः जायची. एखाद्या मेसमध्ये दुपारी जाऊन बसायची, एक ताट मागवायची, पोळी दोन बोटांनी ताणून बघायची आणि मालकाला विचारायची, “रविवारी रात्री तुम्ही स्वतः कुठे जेवता?” मालकाला कळायचंच नाही ही कोण. त्यातला एक तिला अन्न खात्याची समजून पैसेच घेईना. तिनं ते मोजून टेबलावर ठेवले आणि “वरणात मीठ कमी आहे, तेवढं बघा,” असं सांगून निघाली.

“आत्या, खोल्या द्यायच्याच नाहीत तर पाटी काढून का नाही टाकत?” मी एकदा विचारलं.

“काढली तर हे लोक दुसऱ्याची पाटी वाचतील.”

वरच्या खोल्या रिकाम्याच. पण खाली भाऊ मात्र वाढत होते. कारण खोली महाग पडते हे पटलं की पुढची अडचण नेहमी तीच. लातूरचे, हिंगोलीचे, यवतमाळचे, पुण्यात ओळखीचं कुणी नसलेले बाप. आणि आतल्या खिळ्यावर दोऱ्याची गुंडाळी तयारच. राखीपौर्णिमेनंतर किती दिवस झाले हे आत्या विचारायची, पण उत्तर काहीही आलं तरी “चालतं” असंच म्हणायची.

आणि हे भाऊ काही कागदावरचे राहिले नाहीत हो! आमच्याकडचा माणूस एकदा बहीण मानली की मानली. दिवाळीची सुट्टी संपली की मुलींना हॉस्टेलवर सोडायला बाप यायचे ते आत्याची भाऊबीज उरकूनच परत जायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, त्यामुळे एखाद्या रविवारी तिच्या दारात चपलांचा ढीग. कुणी तूरडाळ आणलीय, कुणी संत्री, कुणी ज्वारीचं पीठ. बाबा भुईमुगाच्या शेंगा आणायचे. आत्या पाटावर एकेकाला बसवून ओवाळायची आणि एकीकडे बोलत राहायची. “डाळ पुरे आता, पुढच्या वर्षी तूप आणा. तुम्ही बारीक दिसताय. तुमच्या मुलीला चष्मा लागलाय, ती सांगायची नाही.” कसबा पेठेतल्या एकुलत्या एका मुलीच्या घरात इतक्या टोप्या आणि इतकी धोतरं एकदम बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

तिथेच माशी शिंकली. मी दुसऱ्या वर्षाला होते. त्या रविवारी हे सगळे भाऊ सकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी उतरले आणि प्रत्येकानं तिथल्या वॉचमनला ‘पोरीच्या आत्याकडे’ म्हणून त्याच बंगल्याची वाट विचारली. वॉचमन साधा माणूस. कौतुकानं आत जाऊन रेक्टर मॅडमना म्हणाला, “मॅडम, या सगळ्या पोरींची आत्या एकच आहे बघा!”

रेक्टर मॅडम नव्या होत्या. वाईट नव्हत्या, पण नियमाला धरून चालणाऱ्या. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं. आम्ही मुली दाराबाहेर कान लावून उभ्या.

“तुम्हाला एवढे भाऊ कसे?” मॅडमनी विचारलं.

“आईवडिलांकडून एकही मिळाला नाही,” आत्या म्हणाली. “सगळे मी स्वतः जमवलेत.”

“हे चालणार नाही. एका गार्डियनकडे दोनच मुली. बाकीच्यांनी शनिवारपर्यंत दुसरे गार्डियन आणावेत, नाहीतर जागा रद्द.”

आत्या वाद घालेल असं आम्हाला वाटलं होतं. ती “नियम बरोबर आहे” म्हणून उठली. बाहेर आली आणि आम्हाला म्हणाली, “उद्या भिशी आहे माझ्याकडे. सगळ्या या.”

सोसायटीतल्या बायकांची भिशी. दर महिन्याला एकीकडे जमायचं, चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला सगळ्यांचे पैसे. त्या महिन्यात चिठ्ठीवर आमची नावं होती. आत्यानं बायकांना सांगितलं, “पैसे नंतर. आज प्रत्येकीला दोन भाच्या निघणार आहेत.” बायका आधी हसल्या. मग एकीनं विचारलं, “डाळ पण मिळते का हो भावांकडून?” आणि तासाभरात वाटप झालं. पहिल्या वर्षाच्या दोघी लहान म्हणून आत्याकडेच राहिल्या. मी पलीकडच्या गल्लीत संस्कृतच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंच्या वाट्याला गेले. चांगल्या होत्या, मला लगेच लाडू दिला.

मग एसटीडी बूथवरून सगळ्या बापांना फोन. सगळे हो म्हणाले. नवीन बहीण, दोरा पोस्टानं पाठवा, काही हरकत नाही. माझे बाबा फोनवर काहीच बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी शेंगांची पिशवी घेऊन आत्याच्या दारात उभे.

“ताई, म्या बहीण बदलनार नाही.”

ते खूप अस्वस्थ असले की मास्तरांची भाषा गळून पडायची आणि घरची यायची.

“अहो मास्तर, नुसतं कागदावर आहे,” आत्या म्हणाली.

“कागदावर तुम्हीच मले खरं लिहा म्हणलं होतं.”

मला रडूच फुटलं. “बाबा, उद्या शनिवार आहे! जागा जाईल माझी! एक दोरा तर बांधून घ्यायचाय!”

“तुले तो दोरा वाटला?” बाबा शांतपणे म्हणाले. मी मात्र आतून जळत होते. ज्या माणसाच्या खरेपणाचं गावात कौतुक, त्या खरेपणापायी मी पुन्हा डी.एड.च्या दारात उभी! सव्वा वर्ष झालं होतं. मला प्रोग्रॅम लिहिता यायला लागले होते, पहिल्यांदाच काहीतरी माझं असं सापडलं होतं.

बाबा खाली बसले, वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि पिशवीतून शेंगा काढल्या. “ताई, तुमचाच हिशेब करू. हे हॉस्टेल.” एक रास केली. “फी, मेस, सुट्टीत खोली रिकामी करा म्हणतात तवाचा जायचा यायचा खर्च. आता इकडं आत्याचं घर.” दुसऱ्या बाजूला कागद नुसता हातानं साफ केला. “भाडं. भाचीले भाडं लागते काय?”

आत्यानं चष्मा लावला.

“अनामत नाही. रविवारची रात. आत्या उपाशी झोपू देते काय? नाही. रुसली तर ओढून जेवाले बसवनार कोन? तुम्ही. तापाचं काय?”

“मास्तर, थांबा.”

तिचा आवाज वेगळा होता. मी वर बघितलं. आत्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

“वर एक मुलगी राहायची,” ती म्हणाली. “पहिली आणि शेवटची. भाडं वेळेवर, दंगा नाही, मला बरं वाटायचं. मी म्हणायचे, भाडेकरूच्या खोलीत डोकावायचं नाही, आपलं आपण राहावं. ती तापानं फणफणून पडली होती. दोन दिवस. वर पाणी संपलं होतं आणि खाली मी रेडिओ ऐकत होते. मेसवाल्याचा मुलगा डबा तसाच परत घेऊन चालला होता, त्यानं सांगितलं तेव्हा कळलं मला. बरी झाली. पण बापानं तिला नेली ती कायमची, शिक्षण सुटलं तिचं. काही बोललाही नाही हो मला. बोलला असता तर बरं झालं असतं.” तिनं पदरानं चष्मा पुसला. “म्हणून मी खोली देत नाही. मला नाही जमत ते.”

म्हणजे एवढी वर्षं ती शेवटची मूठ या मुलीची होती.

बाबांनी एक शेंग फोडली, दाणे हातात घेतले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “ताई, ते भाडेकरू होती. हे भाची हाय.”

हॉस्टेलची रास होती, दुसरी बाजू रिकामी होती. मग आत्यानं हात लांब करून एक शेंग उचलली आणि रिकाम्या बाजूला ठेवली.

“ही माझी झोप,” ती म्हणाली. “ही उशिरा आली तर मला झोप लागणार नाही. तो खर्च धरा.”

“धरला,” बाबा म्हणाले.

शनिवारी मी हॉस्टेलची खोली सोडली. रेक्टर मॅडमनी कुठे जाणार विचारलं. मी म्हटलं, आत्याकडे. त्यांनी कपाळाला हात लावला.

वरच्या खोलीत मला ती एक दिवसही झोपू देईना. “वर महाग पडतं,” म्हणायची. तिच्या कॉटशेजारी माझी कॉट. रात्री प्रोजेक्टसाठी जागले तर दर थोड्या वेळानं अंधारातून आवाज यायचा, “किती राहिलंय?” सर्दी झाली की काढा, शिंक आली की काढा, शिंक येईलशी वाटली तरी काढा! वैताग यायचा. एकदा मी चिडून जेवले नाही तर ताट घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “तुझ्या बापाला शब्द दिलाय. जेवतेस की त्याला फोन करू? एसटीडीचा खर्च तुझ्या नावावर.” जेवले.

पाटी मात्र तशीच राहिली. बायका गार्डियन होत राहिल्या, भिशीत भाच्या निघत राहिल्या. मला नोकरी लागली, हिंजवडीला कंपनीची बस न्यायला यायची, तेव्हा पहिल्या पगाराचं पाकीट मी तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं. “हे कशाचं? भाड्याचं असेल तर बाहेर जाऊन पाटी वाच.”

परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. आम्ही चार भाच्या सकाळी हॉस्पिटलात हजर, दोघी लॅपटॉपच्या बॅगा खांद्याला लावून. काउंटरवर लिहिलेलं होतं, पेशंटसोबत एकच नातेवाईक. आमच्यात जुंपली. आत्या बाकावर बसून होती. डोळ्यात औषध घातलेलं, तिला नीट दिसत नव्हतं. तरी ती हुकूम सोडत होती. “नियम बरोबर आहे. तिघी ऑफिसला जा. इथला चहा महाग आहे.”

तेवढ्यात दारातून बाबा आले. मी त्यांना कळवलंही नव्हतं, तिनंच फोनवर बोलता बोलता सांगितलं असणार. रात्रभर बसमध्ये बसून आलेले, टोपी चुरगळलेली, हातात शेंगांची पिशवी. ते थेट काउंटरपाशी गेले.

“पेशंटजवळ मी थांबतो.”

“तुम्ही कोण त्यांचे?” काउंटरवरच्या मुलानं विचारलं.

“भाऊ.”

त्यानं कागदावरचं आडनाव वाचलं आणि बाबांकडे बघितलं; बोलणं त्या आडनावाशी जुळत नव्हतं. “सख्खे का?”

मला फॉर्मवरचा तो रकाना आठवला, आणि खाली ठेवलेलं पेन. हा माणूस आता खरं बोलणार, मग आम्हा मानलेल्या भाच्यांनाही कोण सोडणार, आत्या एकटीच आत जाणार, असं माझ्या मनात आलं. बाकावर आत्यानंही मान आवाजाच्या दिशेला वळवली होती.

“हाव,” बाबा म्हणाले. “सख्खा.”

मुलानं पास फाडून दिला. बाबांनी तो खिशात ठेवला, आत्याजवळ जाऊन तिचा हात धरला आणि तिला उठवलं. आत जाता जाता तिचा आवाज आला, “शेंगा भाजून आणल्यात ना? कच्च्या आणल्या असतील तर गॅसचा खर्च धरा.”